उत्तरेच्या खिडकीपाशी जागा भरणे आहे

“मोबाईल चालणार नाही. गप्पा चालणार नाहीत. उशीर चालणार नाही. घाई असलेल्यांनी येऊ नये.”

डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला. काका, ही जाहिरात आहे की तुरुंगाची पाटी, असं त्यांनी विचारलं.

रंगाऱ्याने आपला कागद परत ओढून घेतला. दवाखान्यात त्याला सगळे रंगारीच म्हणत. अपघातात किंवा आजारात एक डोळा गेलेल्यांसाठी तो कृत्रिम डोळे रंगवायचा. एकतीस वर्षं झाली. आता हात थरथरू लागला होता. याआधी दोनदा जाहिरात देऊन झाली होती. पहिल्या खेपेला दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक गृहस्थ आला आणि रोज किती डोळे उरकायचे ते विचारून गेला. दुसऱ्या खेपेला चार फोन आले. चौघांनाही घरी बसून काम हवं होतं. फोन न करता थेट आलेली एक मुलगी तेवढी टिकली, तीही तीन दिवस.

बाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. महिनाअखेरपर्यंत चांगलं माणूस मिळालं नाही तर ही खोली बंद. मग डोळे तयार मागवायचे आणि डब्यातून निघतील तसे बसवायचे. रंगाऱ्याला ते मान्य नव्हतं. तयार डोळा म्हणजे कुण्या तिसऱ्याचाच डोळा. माणूस उजवीकडून एक दिसणार, डावीकडून दुसरा.

“काय नको, ते सगळं लिहिलंत,” बाई म्हणाल्या. “काय आहे, ते लिहा ना, काका.”

*

काम: माणसासमोर वीतभर अंतरावर बसणे. त्याचा उरलेला डोळा दोन तास पाहणे. पाहता पाहता तसाच दुसरा रंगवणे.

(एवढं लिहून त्याला बरं वाटलं. खुर्ची पुढे ओढली.)

शिकायला काय मिळेल: तपकिरी रंग एक नसतो, निदान चाळीस असतात. सगळे शिकवले जातील. पांढरा तर पांढरा नसतोच. लाल रेशमी धागा उसवून त्याच्या शिरा कशा करायच्या, तेही.

फायदे:

(इथे पेन अडलं. पगार बाई लिहिणार होत्या.)

फायदे: काम संपल्यावर माणसाला आरसा द्यायचा असतो. तो पाहत बसतो. आरसा परत द्यायचं विसरतो. तो मागू नये. तेवढा वेळ आपलाच.

(हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? समोरचा बोलला की डोळा हलतो, म्हणून दिवसभर खोलीत चिडीचूप. घरी तर चार भिंती. रविवारी त्याचं तोंड उघडायचं ते दात घासायला.)

सोबत:

(हा शब्द त्याने का लिहिला ते त्यालाच कळलं नाही. पुढे काही सुचेना. खोडला. मग खोडलेल्याकडेच पाहत बसला.)

*

ती मुलगी का गेली? हात तर सोन्याचा. जो मधासारखा तपकिरी साधायला त्याला वर्ष लागलं होतं, तो तिने दुसऱ्या दिवशी दुपारी साधला. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो तिच्याकडे पाठ करून बसत होता. डबाही पाठ करूनच खायचा. आजकालच्या पोरांना धीर नाही, असं त्याने बाईंना सांगून टाकलं होतं.

त्याने तिचा नंबर शोधला आणि फोन लावला. रागावलो नाही, म्हणाला. जाहिरात लिहायची आहे, आमचं काय चुकलं तेवढं सांग.

ती आधी आढेवेढे घेत राहिली. काम छान होतं, तुम्ही छान होता, घर लांब पडत होतं. रंगारी थांबून राहिला. वाट पाहणं त्याला जमायचं. जन्मभर तेच केलं होतं.

तुमची भीती वाटली असेल, शेवटी तोच म्हणाला.

“तुमची नाही वाटली, सर,” ती म्हणाली. “तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवत होतात. तीस वर्षांनी मीही तशीच जेवत असेन, याची वाटली.”

तब्येतीला जप, असं काहीतरी म्हणाला. फोन ठेवल्यावरही हात कानाशीच होता.

मग उठला. नमुन्यांचं कपाट खिडकीजवळून ढकलत ढकलत दाराकडे नेलं. धाप लागली. कपाटामागे भिंतीचा एक स्वच्छ चौकोन निघाला आणि एका टेबलाची ऐसपैस जागा.

*

सकाळी बाईंनी नवा कागद उभ्यानेच वाचला. तपकिरीपाशी हसल्या, आरशापाशी चष्मा काढला. कशी लिहिली हो एवढी सुंदर, म्हणाल्या. अशी वाचली तर मीच अर्ज करेन. मग शेवटच्या ओळीवर आल्या आणि कपाळाला आठी पडली.

“पदे दोन? काका, आजवर एका माणसानं निभावलेलं काम. दोघं कशाला?”

रंगाऱ्याने ब्रश फडक्याला पुसला. सवयीने तो खिडकीकडे वळला होता, तो पुन्हा बाईंकडे वळला.

“एका माणसाचं काम नव्हतंच ते, बाई. मी एकटा करत होतो, एवढंच.”