मागची डावी बाजू

गिरडचा चढ लागला की माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी करकर सुरू व्हायची, ती थेट घरापर्यंत. पिपरीच्या दमडूजी मिस्त्रींनी रबरी बुश बदलले, शॉकअप बदलले. आवाज तसाच.

आज भर दुपारी ते स्वतः माझ्या शेजारी बसून गिरडला आले. परतीच्या वाटेवर गाडी सारखी करकरत राहिली.

गॅरेजसमोर आम्ही दोघं उतरलो. दमडूजी मागे जाऊन वाकले.

"हे बाजू एवढी दबली काऊन? डिक्कीत काई ठेवलं का?"

"काईच नाई, जी."

त्यांनी जॅक लावला आणि ते सवयीनं ओरडले, "चला, सगळे उतरा!"

गाडी करकरली. जॅक न फिरवताच दबलेली बाजू सावकाश वर आली.

गाडीचं मागचं दार बंदच होतं. तरी दमडूजींनी दोन पावलं मागे सरून वाट दिली.