मकासरहून आलेली खबर

"सांगतो त्यावर कुणाचाच विश्वास बसायचा नाही, मुल्कुन," मकासरच्या गलबतातून उतरताच मी सुरुवात केली. "तुझा लेक तिकडे राजासारखा राहतो! मशिदीत बांग द्यायला त्यालाच उभं करतात. आवाज असा, की बंदरातले कोंबडे भरदुपारी आरवायला लागतात. दोन बायका केल्यात, दोघी भाताची ताटं घेऊन मागे धावतात. पोट एवढं सुटलंय, की गलबतात मावेना. म्हणून तर मी एकटाच आलो."

चिंचेखाली जमलेले सगळे हसले. मकासरचा कप्तान मात्र वाळूकडे बघत होता. गोऱ्या सरकारने ऑस्ट्रेलियाचा हा आमचा किनारा त्याच्या लोकांना बंद केला होता. हे शेवटचं गलबत. आता तिकडे जाऊन खरंखोटं कोण करणार? मी आणखी रंगवत गेलो.

मुल्कुनने माझं मनगट घट्ट धरलं.

"मामा, त्याचं नाव घे."

"अगं, तुझाच लेक! दुसरा कोण?"

"मग घे ना नाव. एकदाच घे."

मी कप्तानाकडे पाहिलं, मग पुन्हा कोंबड्यांवर आलो.

"खोटं बोलतोयस, मामा," ती ओरडली. "आपल्यात फक्त मेलेल्याचं नाव घेत नाहीत."