निळी तार

सरांच्या नोकरीतल्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी साडेतीनला, मॅडमनी सर्किट बोर्डाची निळी तार हलकेच उपसली. हिरवा दिवा विझला. मग त्यांनी फोन उचलला.

"सर, तुमच्या लाडक्यानं पुन्हा मान टाकली."

"आज तरी शहाण्यासारखं वागायचं ना त्यानं! आलोच."

मॅडम प्रयोगशाळेतल्या तंत्रसहायक. सरांचं संशोधन सर्किटच्या म्हातारपणावर. झिजत जाणाऱ्या भागांची नोंद बोर्ड आपली आपणच ठेवायचा. अठरा वर्षांपूर्वी मॅडमच्या बाहीत अडकून ती तार पहिल्यांदा निघाली, ती चुकून. सर दोन मजले उतरून आले आणि पाचपर्यंत गप्पा मारत बसले. तेव्हापासून महिन्यातल्या एखाद्या गुरुवारी ती निघतच राहिली. चुकून नव्हे.

बिघाडांची वही मॅडमकडे असे. आजवरचे बिघाड दोनशे नऊ. सरांनी काढलेली कारणं : उकाडा एकोणऐंशी, धूळ पासष्ट, ढिला सांधा चौसष्ट, उंदीर एक. एवढा हुशार माणूस, पण निळ्या तारेपर्यंत पोचायला त्याला दर वेळी तास लागायचा आणि चहाचे दोन कप.

सर आले. भिंग तेच, केस तेवढे पांढरे.

"वय झालं हो याचं," भिंगातून बघत ते म्हणाले.

"याचंच?"

"मी तर फक्त याच्याकडेच बघतोय, मॅडम."

दोघं हसले. तेवढ्यात सरांचं काम पुढे चालवणारी नवी संशोधिका नोंदी उतरवून घ्यायला आली.

"अठरा वर्षं, मिनिटाला एक नोंद!" ती म्हणाली. "मध्ये तासाभराचं जरी भोक पडलं ना, तरी सरांचा सगळा निष्कर्ष पाण्यात."

मॅडमनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. दोनशे नऊ भोकं. आणि आजचं एक.

"सर, मला काही सांगायचंय. ही तार..."

"आधी आलेख बघू," सर घाईघाईनं म्हणाले.

पडद्यावर रेघ सरकू लागली. मॅडम एकेक गुरुवार शोधत होत्या. वही त्यांना तोंडपाठ होती. रेघ कुठेच तुटली नाही. आजचे साडेतीन आले, पावणेचार आले. दिवा विझलेलाच होता, तरी रेघ पुढे चाललेली.

संशोधिकेनं मेमरी काढायला स्क्रू सोडवून बोर्ड उलटा केला. ती बाजू आजवर फक्त सरच उघडत.

"सर, इथे काय लिहिलंय?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

मॅडमनी भिंग उचललं. अक्षर सरांचं, तारीख पहिल्या बिघाडानंतरच्या महिन्यातली, म्हणजे पहिल्या नोंदीच्या दिवसाची :

'निळी तार आता फक्त दिव्याला जोडली आहे. मॅडमनी खुशाल काढावी.'