पट्टी की नळी

शुद्धीवर आल्याबरोबर तिला डॉक्टरीणबाईंचं बोट आठवलं. ऑपरेशनआधी ते तिच्या काखेत टेकवून बाई म्हणाल्या होत्या, "स्तनातली गाठ काढणारच. पण आजार पसरला, तर आधी इथल्या गाठींत शिरतो. त्यातली एक लगेच तपासून घेऊ. साफ निघाली, तर इथे फक्त पट्टी. नाही निघाली, तर बाकीच्याही काढाव्या लागतील आणि इथून नळी निघेल." तेव्हा नवरा खाली औषधं आणायला गेला होता, त्यामुळे नळीचा अर्थ तिला कळतो हे त्याला माहीत नव्हतं. आता तो खाटेशी उभा होता. "काय नाय गो, सगळं साफ हाय बोलल्या डॉक्टर. पुढच्या महिन्यात बाजारात बसशील बोंबील घेऊन," असं म्हणून तो मोठ्याने हसला. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. मासेमारीहून परतणारी होडी धाकटी डहाणू गावच्या खाडीत शिरताना जाळं रिकामं असलं, की तो लांबूनच असा मोठ्याने हसायचा. चादरीखालून तिचा उजवा हात डाव्या काखेकडे सरकला. बोटांना पट्टी लागली. फक्त पट्टी. ती श्वास सोडणार, एवढ्यात पट्टीच्या कडेखालून काहीतरी गुळगुळीत बाहेर आलेलं हाताला लागलं. तिने ते नीट चाचपलं. नळीच होती. "काय शोधतेस?" त्याने विचारलं. त्याचं हसू अजून तोंडावर तसंच होतं. तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "काय नाय," ती म्हणाली, आणि टाके ओढले जात असतानाही त्याच्यासारखंच मोठ्याने हसली.