हिराआत्याचं कुंकू

प्रबोध बोटीवर निघाला की रत्ना टिकली काढून ठसठशीत कुंकू लावायची. समुद्राचा काय भरवसा!

त्या दिवशी त्याला बंदरावर सोडून ती फ्लॅटवर परतली आणि सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेली जुन्या मूकपटाची व्हिडिओ कॅसेट लावली. प्रबोधच्या आजोबांची बहीण, हिराआत्या, मूकपटांत नटी होती. पडद्यावर सात वेळा नवरी झाली. खरं लग्न ठरलं, पण त्याआधीच बाविसाव्या वर्षी क्षयानं गेली.

शेवटच्या दृश्यात नवरीच्या वेशातल्या हिराआत्यानं करंड्यात बोट बुडवलं. काळ्यापांढऱ्या चित्रात कुंकू काळंच दिसत होतं. बोट पुढे करून ती सरळ रत्नाकडे बघत चालत आली. इतक्यात बेल वाजली. रत्नानं चित्र तिथंच थांबवलं.

शाळेतून आलेली जाई दारातच थबकली. “मम्मी, युवर कुंकू... व्हाय इज इट सो ब्लॅक?”

“काहीतरीच काय बोलतेस! बाबांच्या देखत लावलंय सकाळी, लालभडक.”

रत्नानं कपाळाला हात लावला. बोट काळं झालं.

ती हळूच टीव्हीकडे वळली. चित्र अजून काळंपांढरंच होतं. फक्त हिराआत्याच्या बोटाचं टोक लालभडक होतं, आणि ती ते स्वतःच्या कपाळाकडे नेत होती.