विसण

"कंदील लावू नकोस हं कुंदा. आज दिवेलागण बटणानं करायची," विद्याधर खुर्चीवर चढून बल्ब बसवता बसवता म्हणाला.

त्याची आई, रुक्मिणीबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर तीन महिन्यांची नात होती, दुपट्यात गच्च गुंडाळलेली.

मुलुंडच्या त्या आळीत आज वीज येत होती. स्टेशनाजवळच्या बंगल्यांत ती केव्हाच आली होती. इकडची माणसं मात्र अजून घासलेटचे डबे घेऊन हिंडत होती. "काचा पुसून पुसून नखं काळी झाली माझी. सुटले बाई एकदाची!" त्यांची सून कुंदा म्हणाली. सगळं घर खुशीत होतं. रुक्मिणीबाईंना मात्र तो दिवा नकोसा झाला होता.

त्यांना दिसत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात दारातली माणसं पुसट झाली, दिवाळीनंतर दारही गेलं. पण घर पायाखालचं, भांडी हाताखालची. कंदिलाच्या उजेडात सगळेच चाचपडतात, तिथं म्हातारीचं चाचपडणं कोण बघतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ त्यांनी झाकून ठेवली होती ती एकाच कामासाठी. बाळाला न्हाऊ घालायचं काम. पाय लांब करून त्यावर नातीला घ्यायचं, तेल जिरवायचं, कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालून बेताचं ऊन पाणी अंगावर सोडायचं. त्याला डोळे लागतातच कशाला? पण डोळे गेल्याचं कळलं की हे काम हातचं जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि आजच हात चुकला होता. उकाड्याचे दिवस, म्हणून नातीला संध्याकाळीही न्हाऊ घालत. विद्याधर बाहेरून "आई, आटप, वायरमन आलाय," म्हणून घाई करत होता. त्या गडबडीत विसण म्हणून घंगाळात ओतलं तेही कढत पाणीच निघालं. हात बुडवून बघायचं राहिलं. तांब्याची धार पावलावर पडली मात्र, पोर किंचाळली. "काय झालं हो?" कुंदानं चुलीपाशून विचारलं. "साबण गेला डोळ्यांत," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि पावलाला खोबरेल चोपडून त्यांनी पोरीला दुपट्यात गुंडाळून टाकलं.

आता दिवा लागला की ते पाऊल सगळ्यांना दिसणार होतं. त्यांना सोडून सगळ्यांना.

निदान आपलं तरी झाकून ठेवावं, म्हणून त्या कान टवकारून बसल्या. बटण वाजलं की दिव्याला हात जोडायचे आणि सगळ्यांच्या आधी बोलायचं, एवढं त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं.

टक्.

रुक्मिणीबाईंनी हात जोडले. "अगंबाई, केवढा हा लखलखाट! डोळे दिपले की रे!"

कुंदाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

पडवीतून शेजारच्या इसिडोर वायरमनची हाक आली, "अरे विद्याधर, काय घाई करतोस? फ्यूज बसवायचा हाय अजून!"

"आणि आमच्या आईचे डोळे दिपलेसुद्धा!" विद्याधर खो खो हसला. "थट्टेची एक संधी सोडशील तर शपथ!" हसतहसतच तो पडवीत गेला.

कुंदा हसली नाही. रुक्मिणीबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. ते खाली कसे घ्यावेत हेच त्यांना सुचेना. कुंदा जवळ येऊन बसल्याचं त्यांना कळलं. मग गालाला हलकासा वारा लागला. ती डोळ्यांसमोर हात हलवून बघत होती.

"कधीपासून, आई?"

थट्टाच केली गं, असं म्हणता आलं असतं. विद्याधरनं आयती वाट करून दिली होती. पण दुपट्यातलं पाऊल अजून गरम लागत होतं आणि पोर कण्हल्यासारखी कुरकुरत होती.

पुन्हा टक् झालं. आळीतल्या पोरांनी एकच गिल्ला केला.

"लागला का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"लागला."

"नीट दिसतंय सगळं?"

"दिसतंय."

"मग हे बघ." त्यांनी दुपटं सोडलं आणि दिवा जिकडे असेल असं वाटलं तिकडे ते इवलंसं पाऊल वर धरलं. "माझ्या हातून झालं. विसण चुकलं."

कुंदानं पोरीला उचलून घेतलं. मांडी एकदम रिकामी झाली आणि रुक्मिणीबाईंना भडभडून आलं. त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं. दाराशी विद्याधर शेजाऱ्यांना बोलावून बटण खालीवर करून दाखवत होता. इकडे कुंदा पावलावर फुंकर घालत होती. बोलली तेव्हा तिचा आवाज रागानं कापत होता.

"साबण गेला म्हणालात मला."

"म्हणाले खरी."

टक्, टक्, टक्. आता दिवा चालू होता की बंद, रुक्मिणीबाईंना कळत नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

"उद्यापासून विसण मी घालीन," कुंदा म्हणाली, आणि तिनं पोरीला पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं.