पाकिटावरचं नाव

"ये नर्मदा कौन है?" उमैमाने खाज्याचं पाकीट उलटंसुलटं करून विचारलं.

आखातातल्या फुजैरा शहराच्या शनिवारच्या बाजारात ती सरकारी तपासणीला आली होती. घरचा खाऊ विकायचा तर परवाना लागतो, आणि परवान्यावर ज्याचं नाव त्याचंच पाकिटावर लागतं. परवाना होता नर्मदा दत्तप्रसाद मेस्त्री हिचा. पाकिटावर मात्र कमळाचं चित्र आणि 'नीलिमाज् किचन'.

"मैं ही हूँ," नीलिमा म्हणाली. तिचं तिलाच ते खोटं वाटलं.

आता ह्या अरबी बाईला समजवायचं तरी कसं? लग्नात आत्मारामने ताम्हणातल्या तांदळात अंगठीने 'नीलिमा' लिहिलं, पेढे वाटले आणि एकोणीस वर्षांची नर्मदा तिथेच संपली. कागदांना मात्र कुणी पेढे दिले नव्हते. एजंटाने शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट काढून दिला, तेव्हापासून नर्मदा सरकारदरबारी तेवढी जिवंत होती.

उमैमाने सगळं ऐकून घेतलं. वर हसलीही. "सिस्टर, आपके दो नाम होंगे, मेरे लिए एक. आयडीवाला नाम, फोन नंबर, सामान, तारीख. तब तक स्टॉल खलास."

गाडीत आत्मारामचा पारा चढला होता. "तीन वर्षं ब्रँड बिल्ड केला मी! आता त्या जागी नर्मदा मेस्त्री? अगो, ह्या कंट्रीत तिला कुत्रं तरी ओळखतं का?"

नीलिमा खिडकीबाहेर बघत राहिली. ह्या मुलखात तिला ओळखणारा एकच जण असू शकत होता. तिचा थोरला भाऊ, गणू. भर अंगणात बापाने हात उगारला म्हणून तो तिच्या लग्नाआधी दोन वर्षं घरातून गेला, तो गेलाच. पुढे गावातलं कुणीतरी म्हणालं, दुबईत बघितला. तेवढ्या एका वाक्यावर तिने आत्मारामचं स्थळ पत्करलं. मुलगा आखातात आहे म्हटल्यावर बाकी काही विचारलंच नाही. हे आत्मारामला आजतागायत माहीत नाही, आणि आता सांगून उपयोगही नाही.

आईबाप गेले. गावचं घर बंद झालं. सव्वीस वर्षं ती मजुरांच्या बसमधून उतरणारे चेहरे न्याहाळत आली. आधी तरणे चेहरे बघायची, मग हळूहळू पिकल्या केसांचे बघायला लागली. खाजं करायची ते आईसारखंच, गुळाच्या पाकात आल्याबरोबर मिरी घालून. असं खाजं अख्ख्या पंचक्रोशीत दुसरं कुणी करत नसे. आशा वेडी असते, दुसरं काय!

आत्मारामने कुरकुरत का होईना, नवी लेबलं छापून आणली. चिकटवायला बसलेली ओवी म्हणाली, "आई, हू इज दिस लेडी?"

"होती एक," नीलिमा म्हणाली.

पुढच्या शनिवारी सगळी पाकिटं खपली. रविवारी दुपारी ती भांडी घासत असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. कुणाची तरी ऑर्डर असेल, म्हणून तिने ओल्या हातानेच उचलला.

"हॅलो, ते खाजं..." पुरुषाचा आवाज होता, जाड आणि अडखळणारा. "पाकिटावर नाव आहे, ते बाई तुमचंच का?"

"हो. काही खराब निघालं का?"

"नाही नाही." मग तो एकेरीवर आला. "दत्तू मेस्त्रीची नर्मदा काय गो तू?"

ती तिथेच ओल्या फरशीवर बसली. इतक्या वर्षांत न उच्चारलेला शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला. "दादा?"

पलीकडे तो मोठ्याने रडत होता. ती पण रडत होती. शेवटी तिनेच विचारलं, "कुठे आहेस रे तू? कुठल्या गावात, कुठल्या कॅम्पात? सांग, मी आत्ता निघते."

"तीन वर्षं तुझंच खाजं खातोय गो मी," तो म्हणाला. "आईच्या हातचं लागतं म्हणून दर शनिवारी माणसाला पाठवून मागवतो. माझी ड्युटी असते ना. तुमच्या बाजारामागच्या बंदरात क्रेन चालवतो मी, नर्मदे. वर चढलो की तुझ्या स्टॉलचा तंबू दिसतो."